पदर काढला तरी दिसेना

मला लिहायची सवय नाही. माहेर नगरचं म्हणून चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढ्या भांडवलावर हा कारभार चाललाय. नगरच्या मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासारखी दुसरी कुणी आली तर तिला माझं सांगणं पटायचं नाही. तुमचं पटेल. तुम्ही लिहा." म्हणून बसले. ज्या बाईला कपाळामागं ठणकतं, पाळी बंद झालीय आणि घरातल्या घरात खांद्याला चौकटी लागतात, तिनं हे वाचावं, नाहीतर कुणाकडून वाचून घ्यावं. वाचून भीती वाटली तर वाटू द्यावी. मला अजून वाटते.

मी निर्लज्ज ठरले

आमचं गाव राहुरीपासून बैलगाडीच्या वाटेनं अर्ध्या दिवसावर. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या, मामंजी, हे, मी आणि आमची सरू, एवढी माणसं. घराण्यात पदराचं फार. बायकाबायका असलो की पदर अंबाड्यावर असला तरी चालायचा, पण मामंजी दिसले की तो कपाळावर ओढून अंग चोरून उभं राहायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून हाताला इतकी सवय की विचार करावाच लागत नसे.

लढाई चालू होती, तेव्हाची गोष्ट. मी पडवीत ज्वारी निवडत बसले होते. एकाएकी आत्याबाई माझ्यावर धावून आल्या.

"सासरा हातभर अंतरावरनं गेला, रांजनातलं पानी पिऊन गेला, आन् तू डोकं उघडं टाकून बसलीस? लाज इकून खाल्ली का?"

मी म्हणाले, "आत्याबाई, मामंजी इकडं आलेच नाहीत."

झालं. आगीत तेल. "म्हंजी मी आंधळी हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी माझ्या माहेरचा उद्धार केला. माझी जीभही काही कमी नाही. मीही बोलले. पण असं पुन्हा झालं, आणि आणखी पुन्हा झालं. शेवटी मी चिडून पदर भुवयांपर्यंत ओढला आणि सकाळपासून निजेपर्यंत तसाच ठेवायला लागले. घ्या म्हटलं, आता तरी समाधान झालं ना.

तो रुसवा मला फार महागात पडला. पदर खाली आल्यावर मी धडकायला लागले. खांदा चौकटीला, गुडघा जात्याला, पाय तांब्याला. दावणीचं वासरू दिसायचं नाही, त्याच्या शेपटावर पाय पडायचा. घरचे म्हणायचे, पदर एवढा खाली, मग बाजूचं दिसणार कसं? मीही तेच म्हणायचे. पदराच्या आत काय चाललंय ते पाहायची गरज कुणाला वाटली नाही, मलाही नाही.

लोक मला विचारतात, बाजूला काळं दिसायचं का? नाही हो. आपल्या पाठीमागचं आपल्याला काळं दिसतं का? दिसतच नाही, तसं. समोरचं लख्ख होतं. सुईत दोरा मीच ओवून द्यायचे.

सरूला भाऊ येणार

त्यातच मी बाहेर बसेनाशी झाले. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट लपत नाही. बाई चार दिवस बाजूला बसली नाही की चुलीलासुद्धा कळतं. शिवाय सरूनं अंगावरचं सोडून वर्षं झाली होती, तरी माझ्या चोळ्या दुधानं ओल्या व्हायला लागल्या. डोकं दुखून उलटी यायची. मग काय, आत्याबाईंचा आवाजच बदलला. तापल्या दुधावरची साय माझ्या वाटीत यायला लागली, डिंकाचे लाडू झाले. शेजारणीला त्या सांगायच्या, "सरूला भाऊ येतोय."

पोट वाढेना. महिने गेले तसे लाडवांचे डबे रिकामे झाले आणि पुन्हा भरले नाहीत. कुणी काही बोललं नाही. आत्याबाई नुसत्या माझ्या पोटाकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. त्या न बोलण्याला मी जेवढी भ्यायले तेवढी त्यांच्या शिव्यांना कधी भ्यायले नव्हते. माझ्या अंगात काहीतरी खोटं चाललंय असं मला तेव्हा वाटायला लागलं.

बैलाचं शिंग

एकदा सरूला कडेवर घेऊन मळ्यातून येत होते. ओढ्याजवळ दुसरी वाट येऊन मिळते. तिथून एक भरली गाडी उतरत होती. गाडीवान ओरडत होता म्हणे. मी आवाज ऐकला, पण समोर तर काहीच नव्हतं, म्हणून चालत राहिले. बैलाचं शिंग पदरात अडकलं, मी फरफटत पडले आणि सरू माझ्या हातातून सुटून चाकोरीत गेली. गाडीवानानं कासरा असा ओढला की बैल मागच्या पायांवर बसले. चाक सरूच्या केसांजवळ थांबलं होतं.

तो माणूस खाली उतरला. "वैनी, पदर जरा वर घ्या की. मरताल एक दिवस."

त्यालाही पदरच दिसला. मी सरूला छातीशी धरून बसले. मला तोवर कळून चुकलं होतं की शिंग अडकलं तेव्हा मी त्या बाजूला मान वळवून पाहिलं होतं, आणि तरी मला अर्धीच गाडी दिसली होती. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल, असं वाटायचं.

नजर उत्तम

हे मला राहुरीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मामंजीही सोबत. दोन पुरुष बसलेले, तिसरा डॉक्टर, मग मी पदर काढणार कशी? डॉक्टर भला माणूस होता. त्यानं लांबूनच बोटं दाखवली, मी मोजली. छापील कागद दिला, मी घडाघडा वाचला. तो ह्यांना म्हणाला, "नजर उत्तम आहे. अशक्तपणा आहे." डोळ्यांत घालायचे थेंब दिले, रक्तवाढीचं औषध दिलं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. पण त्याला बोल लावून काय उपयोग? "बाईचं डोकं उघडं करा" असं तो म्हणाला असता तर आम्हीच उठून आलो असतो.

थेंब संपले, डोकेदुखी वाढली. जमिनीवर कपाळ टेकून बसले की थोडं बरं वाटायचं. शेवटी ह्यांनीच हट्ट धरला आणि नगरला नेलं. सोबत आत्याबाई आल्या. मी म्हटलं, ह्या कशाला? पण घरातली बाई सोबत पाहिजे म्हणून आल्या.

माझाच हात माझ्या केसांना लागला

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नगरच्याच, ख्रिस्ती. बारीक अंगाच्या, आवाज खणखणीत. आधी त्यांनी ह्यांना बाहेर बसवलं, दार लावून घेतलं. मग पाळीचं विचारलं, दुधाचं विचारलं. दुधाचं ऐकल्यावर त्या लिहायच्या थांबल्या.

"धडकता का कुठं चालताना?"

आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "पदर लई खाली घेती, म्हनून."

"मग पदर काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड वाकडं केलं पण मान हलवली. मी पदर खांद्यावर टाकला.

डॉक्टरीणबाई माझ्यासमोर स्टुलावर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. "माझ्या नाकाकडं बघा. नजर हलवायची नाही. मी बाजूनं बोटं हलवत आणते. दिसली की सांगा."

मी नाकाकडं बघत बसले. बराच वेळ झाला. मला वाटलं, अजून सुरूच केलं नाही.

"दिसलं काही?"

"नाही. पदर आड येतोय," मी म्हणाले, आणि पदर मागं सारायला हात वर नेला. हाताला माझे केस लागले. पदर नव्हताच. तो खांद्यावर पडला होता, मीच तर टाकला होता. मी कानाजवळ हात फिरवला, कपाळावर फिरवला, काहीतरी सापडेल म्हणून. नुसते केस. आणि मग बाजूनं, जवळजवळ नाकासमोर, डॉक्टरीणबाईंची बोटं एकदम उगवली. ती सगळा वेळ हलत होती.

मग त्यांनी दुसऱ्या बाजूनं बोटं आणली. दोन्ही बाजूंना तेच. माझ्या मागून आत्याबाईंचा आवाज आला, "अगं, बोटं हालत्यात की. सांग की दिसत्यात म्हनून."

गाठ की पिशवी

मग डोक्याचा फोटो काढला. थंडगार फळीवर गाल टेकवून निजायचं आणि श्वास धरायचा. फोटो ओला असतानाच डॉक्टरीणबाईंनी ह्यांना आत बोलावलं आणि तो खिडकीशी धरून दाखवला. हाडांचं डोकं, माझं. ह्यांनी हातात घेतला तो उलटा धरला, बाईंनी सुलटा करून दिला.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. नाकाच्या मागं, मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती हाडाच्या लहानशा बैठकीत बसलेली असते. बाईची पाळी, अंगावरचं दूध, असल्या पुष्कळ गोष्टी तिच्या हाताखाली चालतात. माझ्या फोटोत ती बैठक पसरट झाली होती. आत काहीतरी वाढत होतं. आणि तिच्या बरोबर वरून डोळ्यांच्या शिरा जातात, एकमेकींना ओलांडून. त्या दबल्या की दोन्ही बाजूंचं दिसणं आधी जातं.

"गाठ भरीव आहे की पाण्याची पिशवी आहे, ते फोटोत कळत नाही," त्या म्हणाल्या. "उघडल्याशिवाय नक्की कुणीच सांगणार नाही."

"न्हाई उघडलं तर?" ह्यांनी विचारलं.

त्यांनी दाराकडं बोट केलं. दाराच्या दोन्ही फळ्या अर्धवट लोटलेल्या होत्या. "आज एवढं दिसतंय. फळ्या मिटत जातील."

बाहेर व्हरांड्यात आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. मी सरूचा विचार करत होते. ती बाजूनं पळत यायची तेव्हा मला दिसायची नाहीच, आता समोरून आली तरी दिसणार नाही म्हणजे काय, हे मला कल्पना करूनही कळेना. मी डोळे मिटून पाहिलं आणि लगेच उघडले. मग आत्याबाई बोलल्या.

"म्हंजी त्या दिवशी मामंजी आले, ते तुला दिसलेच न्हवते."

"नाही," मी म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि नाक शिंकरलं.

मुंबईचा वॉर्ड

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन आम्ही मुंबईला मोठ्या इस्पितळात गेलो. सरूला माझ्या आईकडे ठेवलं. तिचा निरोप घेताना मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून इतकं न्याहाळलं की पोर भेदरून रडायला लागली.

तिथं एका खोलीत काळा पडदा होता. डॉक्टर काठीच्या टोकाला पांढरा मणी लावून तो पडद्यावरून सरकवायचे, मणी दिसला की मी सांगायचं, ते तिथं टाचणी टोचायचे. शेवटी टाचण्यांचं रिंगण व्हायचं. तेवढंच माझं जग. मी ते रिंगण पाहिलं आणि म्हटलं, एवढ्यात तर आमची चूलसुद्धा मावायची नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले, कपाळाकडून कवटी उघडून गाठ काढता येते, पण बाई टेबलावरून उठेल याची हमी नाही, आणि उठली तरी नजर उरेल याचीही नाही. आधी किरण देऊन पाहू. किरणांनी गाठ आकसली तर ठीक. दिसणं आणखी कमी व्हायला लागलं तर मात्र सुरीला पर्याय नाही, आणि मग थांबायचंही नाही.

सुरी हा शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. वॉर्डात सकाळी फिनेलचा वास, चहाचे मग, घंटा वाजली की आलेल्यांना बाहेर काढायचं. माझ्या पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं डोकं उघडलं होतं, आजार दुसराच होता. ती परत आली तेव्हा सगळं डोकं फडक्यात गुंडाळलेलं. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी होती आणि गादी उन्हात टाकली होती. मी त्या दिवशी जेवले नाही. आत्याबाईंनीही नाही.

किरणांची खोली तळघरात. जाडजूड दार, आत मी एकटी. यंत्र कानशिलाजवळ आणायचे आणि सगळे निघून जायचे. दुखत नाही, काही नाही, नुसता घोंगावणाऱ्या माशीसारखा आवाज. एवढे शहाणे लोक ज्याला भिऊन बाहेर पळतात ते माझ्या डोक्यात सोडतायत, हेच मनात यायचं. मी सरूचं नाव घेत पडून राहायचे. पुढं कानशिलांवरचे केस हाताला यायला लागले. मग मला पदराचा आधार वाटायला लागला, ही आणखी गंमत.

वॉर्डात भिंगारच्या खैरुनबी होत्या. पोटाच्या आजारासाठी आलेल्या, तोंडाच्या फटकळ. नगरकडची भाषा कानावर पडली आणि मला बरं वाटलं. त्यांनी मला मोरीला जाताना धडकताना पाहिलं.

"अगं बाई, कोंबडी बघितलीस का कदी? ती कशी मान फिरवत चालती? तसं चाल. लाजतीस कशाला? कोंबडी काय लाजती?"

त्या माझ्यापुढं कोंबडीसारखं चालून दाखवायला लागल्या. आत्याबाई एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मी अजून तशीच चालते. सरू मला कोंबडी म्हणते.

कानानं बघणं

घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, गुण यायला महिने लागतील. रोज सकाळी घरीच तपासा, जरा कमी वाटलं की निघून या. कसं तपासायचं ते त्यांनी आत्याबाईंना शिकवलं. आत्याबाईंनी ते मंत्रासारखं पाठ केलं.

रोज सकाळी पुरुषमाणसं मळ्यात गेली की आम्ही परसात शेवग्याखाली बसायचो. मी पदर खांद्यावर टाकायचा, त्यांच्या कुंकवाकडं बघायचं. त्या माझ्या कानाजवळून हात हळूहळू पुढं आणायच्या. सुरुवातीला हात अगदी त्यांच्या तोंडापाशी आल्यावर दिसायचा. मग मला युक्ती सापडली. त्यांच्या बांगड्या वाजायच्या. हात कुठं आहे ते मला कानाला कळायचं. मी आपलं लवकरच "दिसला" म्हणायचे. फसवायचं कुणाला होतं? सुरीला. मी "दिसला" म्हणत राहिले तर मला परत मुंबईला जायला लागणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

एके सकाळी आत्याबाई आल्या त्या दोन्ही हातांवर जुन्या लुगड्याची चिंधी गच्च गुंडाळून. बांगड्या आत बांधलेल्या.

"हे काय आत्याबाई?"

"तू कानानं बघतीस. डाक्टरनं डोळं तपासाया सांगितलंय."

त्या पुढं बोलल्या ते हळू आवाजात, "भ्या वाटतंय ना? मलाबी वाटतंय. पर खोटं सांगून फळ्या मिटायच्या थांबत न्हाईत, पोरी."

त्या दिवशी मी कुंकवाकडं बघत बसले आणि "नाही, अजून नाही," असं खरं सांगत राहिले. शेवटी हात दिसला तो कालच्या खोट्यापेक्षा पुष्कळ पुढं, त्यांच्या तोंडाजवळ आल्यावर. मी रडले. त्यांनी रडू दिलं, आणि मग दुसरा हात वर केला.

असे महिने गेले. चिंधी रोज गुंडाळायच्या, रोज सोडायच्या. डावीकडं हात थोडा लवकर दिसतोय असं मला वाटायचं, पण माझ्या वाटण्यावर माझाच विश्वास उरला नव्हता. आमच्यासारख्या बायांना मी एवढंच सांगेन की घरात अशी एक बाई शोधा, जी तुम्हाला खोटं बोलू देणार नाही. उजवीकडं वरच्या अंगाला मला आजही धुरकट दिसतं. डोकं जरा जड झालं की आजही मी आधी कानाजवळ हात हलवून बघते. सुरी अजून माझ्या मागं आहेच.

पण ती सकाळ सांगते. आम्ही शेवग्याखाली बसलो होतो. माझी नजर कुंकवावर, आत्याबाईंचा हात माझ्या डाव्या कानाशी. एकाएकी माझा उजवा हात उठला, पदर धरला आणि कपाळावर ओढला.

आत्याबाई वैतागल्या. "मदीच पदर कशाला घेतलास? हात आनू का नको?"

"मामंजी आलेत," मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं. माझ्या उजवीकडं परसदारात मामंजी उभे होते. वहाणा बाहेर काढलेल्या, कासरा न्यायला आलेले, न खोकता न बोलता. आम्हाला तसं बसलेलं बघून जागच्या जागी थबकले होते. आत्याबाईंचा हात माझ्या कानाशी तसाच अधांतरी राहिला.

"मान फिरवलीस?"

"नाही."

"आवाज आला?"

"नाही, आत्याबाई."

त्यांनी माझा पदर धरला आणि स्वतःच्या हातानं मागं टाकला. कानशिलांवरचं टक्कल, विरळ केस, सगळं सासऱ्यापुढं उघडं.

"अहो," त्या मामंजींना म्हणाल्या, "तसंच मागं जावा आन् परत आत या."

"आँ? कशापायी?"

"या म्हन्ते ना."

मामंजी बाहेर गेले. मी कुंकवाकडं बघत बसले. मघाचं ते नशीब असेल, सावली असेल, माझा हात उगाच उठला असेल. मग उजवीकडं, शेवग्याच्या बुंध्याच्याही पलीकडं, काहीतरी पांढरं हललं.

"आले," मी म्हणाले.

आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही.

"आजून एकदा," त्या म्हणाल्या, आणि मामंजी निमूटपणे पुन्हा दाराबाहेर गेले.